पुसलेले पत्र

दिवाळीपूर्वीची झाडलोट हा माझा आवडता उद्योग. वर्षभर हात न लावलेल्या वस्तू काढाव्यात, त्यांवरची धूळ झटकावी आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवून द्याव्यात! घरातली मंडळी याला झाडलोट म्हणायला तयार नाहीत, आणि त्यांचे खरेच आहे. टाकून देणे मला जमत नाही. आयुष्यात एकच वस्तू मी निश्चयाने टाकली, आणि नेमकी तीच गेल्या दिवाळीत परत आली.

ते एक पत्र होते. कागदावरचे नव्हे, संगणकावरचे. आमच्या गडहिंग्लजच्या घराच्या वाटणीवरून थोरल्या बंधूंचे आणि माझे बिनसले होते, तेव्हा पुण्याहून त्यांनी ते पाठविले होते. पुढे वर्षभराने एका संध्याकाळी आम्ही दोघे हिरण्यकेशीच्या पुलावर उभे होतो. पाण्याकडे पाहतच दादा म्हणाला, "ते पत्र विसर." मी म्हटले, "केव्हाच पुसून टाकलं." खरे म्हणजे घरी परतल्यावर त्या रात्री मी ते पुसले. दादा गेला त्याला आता चार वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकाची डिस्क बिघडली. माझे टपाल जुन्या पद्धतीचे. पत्रे घरच्या संगणकावर उतरली की दूरच्या यंत्रावरून नाहीशी होतात. म्हणजे घरची गेली की सगळीच गेली. पण माझ्यासारख्या माणसाने नक्कल ठेवली नसेल तर कोणी ठेवायची! संगणक लिनक्सवर चालणारा. फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली आणि पुढे तो जगाला मोकळा करून दिला. त्यात थंडरबर्ड हा टपालाचा प्रोग्रॅम सारी पत्रे एका फोल्डरात ठेवीत असे. त्या फोल्डराच्या नावाआधी टिंब असल्यामुळे ते सहसा नजरेस पडत नाही. प्रोग्रॅम बंद करायचा, ते फोल्डर दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, आणि प्रसंग आला की परत आणायचे, एवढेच त्यातले शास्त्र.

हे परत आणण्याचे काम सुट्टीला आलेल्या पुतण्याने, म्हणजे दादाच्याच मुलाने, अंगावर घेतले. नव्या संगणकावर त्याने निराळा प्रोग्रॅम बसविला आणि जुनी पत्रे त्यात ओतली. थोड्या वेळाने त्याची हाक आली, "काका, हे बाबांचं पत्र दिसतंय. तुम्ही पुसलं होतं का?"

मी गप्प राहिलो. तो सांगू लागला, "पुसलं तरी पत्र लगेच जात नाही. सगळी पत्रं एका लांब फाइलीत एकाखाली एक लिहिलेली असतात. पुसलेल्यावर नुसती खूण होते. फाइल नव्याने लिहून आटोपशीर केली, की मग ते जातं. या नव्या प्रोग्रॅमला ती खूण कळली नाही. ठेवू की काढू?"

क्षमा म्हणून आपण जे करतो, ते याहून निराळे असते काय? 'विसरलो' म्हणताना मनात एक खूण होते, इतकेच. पत्र असते तिथेच असते.

मग ते मुळासकट उपटावे? मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे छापली; राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळीत राहिले. नको त्या आठवणी म्हणून वारसांनी ते कागद आधीच जाळले असते, तर आपण केवढ्याला मुकलो असतो! परंतु खरेशास्त्री ती पत्रे वाचीत होते ती लिहिणारे जाऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर. इथे तर लिहिणाऱ्याचा मुलगा समोर बसला होता. बापाची एक वाईट घटका मुलाला दाखविण्याचा मला अधिकार होता काय? आणि बापाचे उरलेसुरले शब्द त्याच्यापासून लपविण्याचा तरी होता काय?

"थांब, आधी मी वाचतो," मी म्हटले.

चार वाक्ये मला तोंडपाठ होती. जशी आठवत होती तशीच ती तिथे होती, आजही बोचणारी. पण त्यांच्याखाली आणखी दोन होती: "आईच्या डोळ्यांत औषध घालायला चुकू नकोस. तुझा खोकलाही एकदा दाखवून घे."

ही दोन मला मुळीच आठवत नव्हती. मी पत्र पुसले खरे, पण बोचरी वाक्ये मनात जशीच्या तशी जपली आणि मायेची तेवढी पुसून टाकली. ज्याला मी इतकी वर्षे मोठ्या मनाने क्षमा करीत आलो, तो अर्धाच दादा होता. हिशेब करायला बसलो तर मागणे माझे नव्हतेच. मीच त्याचे देणे लागत होतो.

मी खुर्चीवरून उठलो. पुतण्याला म्हणालो, "वाच. मात्र मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच."

तो बराच वेळ वाचीत होता. मी अंगणात जाऊन आकाशकंदिलाची दोरी उगाचच सोडवीत बसलो. तो बाहेर आला, माझ्या हातून दोरी घेतली आणि म्हणाला, "काका, आजीच्या डोळ्यांना काय झालं होतं?"