तुम्ही व्हा पुढे



गुडघ्यांनी रजा मागितल्यापासून कीर्तनाला उभे राहणे बंद झाले. आता बसल्या जागी चिंतन चालते. त्यातला एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. चालणाऱ्याने पोहोचण्याचा नेम सांभाळावा की सोबत्याला सांभाळावे? दोन्ही साधले तर उत्तमच. पण एकच साधणार असेल तेव्हा काय करावे? प्रश्न जुना आहे. या खेपेला मात्र तो माझ्याकडे इंग्लंडातून आला.

माझ्या मुलीचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. उत्तर इंग्लंडात झाडे नसलेल्या उघड्या डोंगरांना ‘फेल’ म्हणतात आणि त्या डोंगरांवरून धावण्याच्या शर्यती होतात. गावोगावी त्यासाठी क्लब आहेत. एका क्लबाचे लोक एका रंगाचा बनियन घालतात, एकत्र सराव करतात, एकमेकांच्या घरी जेवतात. मला ते ऐकून आपली दिंडीच आठवली. नातवाने ऑगस्टमधली बॉरोडेलची शर्यत धरली होती. रॉस्थवेट गावातून निघायचे, स्कॅफेल पाइक आणि ग्रेट गेबल हे डोंगर चढून-उतरून पुन्हा त्याच गावात यायचे. अंतर सुमारे 27 किलोमीटर आणि सगळा मिळून चढ सुमारे 2000 मीटर.

स्कॅफेल पाइक हा इंग्लंडातला सर्वांत उंच डोंगर, 978 मीटरचा. आपली कळसूबाई 1646 मीटरची आहे. म्हणून मी फोनवर हसून म्हणालो, “अरे, ही तर टेकडीच.” तो म्हणाला, “आबा, इथे उंचीला भ्यायचे नसते, हवेला भ्यायचे असते.” त्याच खोऱ्यात सीथवेट नावाची वस्ती आहे. इंग्लंडात वस्तीच्या ठिकाणी सर्वाधिक पाऊस तिथे पडतो, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरी त्याहून जास्त पडतो. पण तिकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि ऐन उन्हाळ्यातही माथ्यावर हाडे गोठवतो. म्हणून प्रत्येकाने पावसाचे कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि जादा खाणे अंगावर बाळगायचे असते.

त्या दिवशी तसाच पाऊस आला. ढग इतके खाली उतरले की दहा पावलांवरचा दगड दिसेना. नातू आणि क्लबातले दोघे बरोबर धावत होते. त्यातले एक पन्नाशीचे गृहस्थ. याला डोंगर शिकवला तो त्यांनीच. स्कॅफेल पाइक उतरून तिघे स्टायहेड नावाच्या खिंडीत आले. समोर ग्रेट गेबलचा चढ. इथे नातवाच्या ध्यानात आले की ते गृहस्थ बराच वेळ बोललेले नाहीत. त्यांची टोपी खिशातच होती. खाण्याची पुडी त्यांना फोडता येईना. पाय दगडाला लागत होते. विचारले तर म्हणाले, “मला काही झालेले नाही. तुम्ही व्हा पुढे, मी येतो.”

माउली, नातू त्या दिवशी स्वतःच्या आजवरच्या सर्वांत चांगल्या वेळेत चालला होता. वर्षभर पहाटे उठून केलेला सराव त्याच्या पायांत होता. आणि समोरचा जाणता माणूस स्वतःच्या तोंडाने ‘पुढे व्हा’ म्हणत होता. तरी दोघे थांबले. स्वतःजवळचे जादा कपडे त्यांनी त्यांच्या अंगात घातले, टोपी चढवली, गोड काही तोंडात भरवले आणि मधे धरून सीथवेटच्या वाटेने खाली आणले. शर्यत सोडल्याचे शेवटच्या ठाण्यावर जाऊन सांगितले, म्हणजे मागे कोणी डोंगरात शोधत बसू नये. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. आवाज पडलेला. “आबा, शर्यत अर्धी सोडली. मन खाते आहे.”

मी त्याला विचारले, “त्यांनी स्वतः सांगितले असताना तू थांबलास का?” त्याने जे उत्तर दिले, त्यासाठी हा लेख लिहितो आहे.

तो म्हणाला, धावणाऱ्याचे अंग धावण्यानेच गरम राहते. थकून वेग कमी झाला की आतली ऊब घटते, आणि ओले कपडे व वारा उरलेली ओढून नेतात. अंगाची उष्णता 35 अंशांच्या खाली गेली की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. मग बोटे ऐकत नाहीत, जीभ जड होते, पाय अडखळतात. त्यानंतर बुद्धी मंदावते. पुढे तर हुडहुडीही थांबते आणि माणसाला वाटते, आता बरे आहे. “म्हणून आबा, अशा वेळी ‘मी ठीक आहे’ या शब्दावर विसंबायचे नसते. जे डोके सांगते की मी ठीक आहे, तेच गारठलेले असते.”

मी फोन ठेवला आणि गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. आपण ती किती वेळा ऐकली, मी किती वेळा सांगितली! मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेतले आणि जमलेल्या संतांची डोकी मडक्यांसारखी ठोकून पाहिली. नामदेवराय रागावले आणि कच्चे ठरले. पुढे ते विसोबा खेचरांना शरण गेले. मी आजवर तिथे अहंकाराचाच अर्थ लावत आलो. आता दुसरी गोष्ट दिसते. मडके कच्चे आहे हे मडक्याला कळत नाही. प्रत्यक्ष देवाशी बोलणाऱ्या नामदेवरायांनाही ते स्वतःचे स्वतःला कळले नाही; थापटणे दुसऱ्याच्याच हातात लागले. संतसंगतीने मन रमते, वाट सरते, हे खरेच. पण संगतीची खरी गरज तेव्हा असते, जेव्हा आपल्याला ती नको वाटते.

नातवाला मी शाबासकी दिली. पण देताना माझी जीभ अडखळली. त्याचे कारण चाळीस वर्षे कीर्तने करूनही मी कधी सांगितले नाही, ते आज सांगतो.

मी चोवीस-पंचवीस वर्षांचा असेन. माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडच्या वाटेवर होतो. दिवे घाटाच्या पायथ्याशी पाऊस धरला. आमच्या दिंडीत एक वृद्ध टाळकरी होते, मला वडिलांच्या ठिकाणी. एकतीस वर्षांत त्यांची वारी चुकली नव्हती. घाटात ते मागे पडू लागले. हात धरला तर अंग भाजत होते. ते म्हणाले, “महाराज, तुम्ही व्हा पुढे. मी येतो सावकाश.” त्या रात्री सासवडच्या मुक्कामी माझे कीर्तन होते, मोठ्या फडापुढे पहिलेच. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि पुढे झालो. मनाला सांगितले, त्यांनीच आज्ञा केली.

कीर्तन चांगले झाले. विषय होता संतसंगती.

ते रात्रभर घाटात कठड्याला टेकून पडून होते. पहाटे एका दूधवाल्याने त्यांना गाडीत घालून सासवडला आणले. जीव वाचला, पण ताप छातीत उतरला आणि त्यांना गावी न्यावे लागले. त्या आषाढीला एकतीस वर्षांचा नेम मोडला. पुढच्या वर्षी ते आले, नेहमीसारखा माझ्या कपाळी बुक्का लावला आणि एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आता कोणी पूर्वपक्ष करील, की परमार्थ ज्याचा त्याने करायचा असतो; प्रत्येकाने प्रत्येकासाठी थांबायचे ठरवले तर पंढरीला पोहोचणार कोण? शंका खोटी नाही. चालायचे आपल्याच पायांनी. पण थांबण्याने सगळे बुडते, हेही खरे नाही. 2008 च्या ऑक्टोबरात त्याच बॉरोडेलमध्ये दोन दिवसांची एक मोठी शर्यत होती. तिथे एकट्याला प्रवेशच नाही. जोडीने धावायचे, जोडीदाराला सोडायचे नाही, तंबू आणि शिधा पाठीवर वाहायचा. वाऱ्यापावसाने पहिल्याच दिवशी शर्यत रद्द करावी लागली. शेकडो लोक डोंगरात बेपत्ता झाल्याची बातमी जगभर गेली. काहींना दवाखान्यात न्यावे लागले, पण कोणीही दगावले नाही. बहुतेक जण आपापल्या जोडीदारासह आडोसा धरून राहिले आणि सुखरूप उतरले. शर्यत कोणी पुरी केली नाही. घरी मात्र सगळे पोहोचले.

आणि आपण पोहोचायचे कोणाकडे? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. देव दारी आला, तरी त्याने हातातली सेवा सोडली नाही. वीट पुढे सारली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, तो अजून थांबलेलाच आहे. वाटेत कोणासाठी आपल्याला उशीर झाला, तर तो समजून घेणार नाही असे कसे म्हणावे? हे त्या रात्री घाटात मला सुचले नाही. मडके कच्चे होते आणि ठोकून पाहणाऱ्याला मीच मागे टाकून आलो होतो.

माउली, यंदा वारीला निघाल तेव्हा शेजारच्याकडे लक्ष असू द्या. टाळ मागे पडू लागला, पाणी नको म्हणू लागला, बोलणे तुटू लागले, तर त्याला विचारत बसू नका. त्याचा हात हातात घेऊन पाहा. तो म्हणेल, तुम्ही व्हा पुढे. त्याची पडशी आपल्या खांद्यावर घ्या आणि तिथेच टेका. आणि कधी तुमचा हात कोणी असा धरला, तर रागावू नका.

रामकृष्ण हरी.