किडीचा वाटा

इहराम बांधलेल्या माणसाला शिकार मना आहे. हरमच्या हद्दीत झाडाची डहाळी तोडायची नाही, पाखरू हुसकावायचे नाही. एवढ्या कडक मनाईतही उंदीर आणि विंचू मारायला हदीसने परवानगी दिली आहे. तेव्हा जीव मारावा की मारू नये, हा प्रश्न आपल्याकडे जैन मुनींसमोर उभा राहतो तसा उभा राहत नाही. कणगीत शिरलेला उंदीर किंवा पाळण्याजवळ निघालेला विंचू मारला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. इथवर सगळे सोपे आहे, म्हणून बहुतेक जण इथेच थांबतात.

पण त्याच हदीससंग्रहांत मुंगीचीही हकीकत आहे. पूर्वीच्या काळातले एक पैगंबर झाडाखाली विसावले असताना त्यांना मुंगी चावली आणि त्यांनी सगळे वारूळच जाळायला लावले. त्यावर अल्लाहने त्यांना विचारले, की चावली ती एक. मग त्याची तस्बीह करणारी सगळी जमात कशासाठी जाळली? लहानपणी मौलवीसाहेब ही गोष्ट दयेची म्हणून सांगत. मला ती आता हिशेबाची वाटते. मारण्याची परवानगी आहे, पण ती मोजून दिलेली आहे. अपराध एकाचा आणि शिक्षा वाटेल त्याला, एवढी ती सैल नाही.

आजच्या विषाची अडचण इथेच आहे. त्याला मोजता येत नाही. चाळीतल्या एका खोलीत झुरळांचे औषध मारले की झुरळे शेजारच्या खोलीत जातात; आपले घर स्वच्छ होते आणि शेजाऱ्याची कटकट वाढते. झुरळांचे एक वेळ सोडून द्या. धान्यात किंवा उंदरांच्या बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात, आणि भिंतीतली फट किंवा सामाईक झरोका मिळाला की तो वायू पलीकडे झोपलेल्या माणसाचाही जीव घेऊ शकतो. फिक्हमध्ये एक तत्त्व शिकवतात: एक नुकसान तशाच दुसऱ्या नुकसानीने दूर करता येत नाही. आपली कीड शेजाऱ्याच्या अंगावर ढकलणे म्हणजे कीडनियंत्रण नव्हे.

शेतात तर हे शेजारीपण आणखी दूरवर जाते. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आठवावे. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीची धास्ती होती, रसशोषक किडीही होत्या, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरलेल्या माणसाच्या तोंडावर, छातीवर तोच फवारा उलटून येत होता. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले, कित्येकांची दृष्टी काही दिवस गेली. नंतर चर्चा झाली ती मुख्यतः हातमोजे आणि गॉगल न घातल्याची. भाद्रपदातल्या विदर्भाच्या उकाड्यात रबरी हातमोजे आणि तोंडावर मुखपट्टी लावून दिवसभर पंप मारता येतो का, हे ज्यांनी तो कधी पाठीवर घेतला नाही त्यांनी ठरवले. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या तोंडपाठ आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे कातडीतूनही अंगात शिरतात आणि घामाने ओल्या कातडीतून ती अधिक सहज शिरतात. पीक मालकाचे, अळी निसर्गाची, आणि विष घेणारा तिसराच. त्याला कुणी विचारले होते?

आता कुणी म्हणेल, फवारणी कमी व्हावी म्हणूनच तर बीटी बियाणे आले. खरे आहे. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, 2006 साली दोन जनुकांचे वाण आले. त्याच्याबरोबर एक अटही आली होती, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावते ती ही अट. बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे एक छोटे पाकीट मिळायचे. ते शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रावर लावायचे, यांतले जे जास्त असेल ते. गावाकडे त्याला ‘रेफ्युजी’ म्हणत. या ओळी अळीने खायच्याच असतात. बीटी पचवणारी एखादी अळी निघतेच. तिच्या पतंगाची गाठ साध्या ओळींत वाढलेल्या पतंगाशी पडली, तर पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. म्हणजे शत्रूला त्याचा वाटा दिला तरच आपले हत्यार धारदार राहते. लावलेल्या झाडाचे पाखरांनी, जनावरांनी खाल्ले तर तो सदका होतो, असे आपण ऐकलेले असते; इथे तो सदका शास्त्रानेच सांगितला होता.

बहुतेकांनी ते पाकीट लावले नाही. कुणी बांधावर टाकले, कुणी गुरांना घातले. गुजरातमध्ये आधी आणि 2017 पर्यंत महाराष्ट्रातही गुलाबी बोंडअळी दोन्ही जनुकांना पुरून उरली. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी अशा ओळी सांभाळल्या, पुढे त्यांच्या जागी वंध्य पतंग सोडले, आणि 2018 साली त्या देशाने ही अळी आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

म्हणून आपला शेतकरी लोभी ठरतो का? मला तसे म्हणवत नाही. जकातीला निसाब असतो. ठरावीक मालमत्तेच्या खाली असलेल्याकडून ती घेतली जात नाही. रेफ्युजीच्या नियमाला निसाब नव्हता. चाळीस एकरवाल्याने वीस टक्के सोडणे आणि दोन एकरवाल्याने सोडणे, एकाच कायद्यात बसवले. ज्याचे वर्ष त्या पाच ओळींवर अवलंबून आहे, त्याच्याकडे सगळ्या तालुक्याच्या भल्यासाठी सदका मागितला आणि बदल्यात काही दिले नाही.

कृषी विद्यापीठे दुसरे एक माप सांगतात. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी दिसली, तरच औषध मारावे. त्याखाली निंबोळी अर्क, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, ट्रायकोग्रामाची कार्डे. मुंगीच्या हकीकतीतला सवाल पत्रकाच्या भाषेत लिहिला तर असाच दिसेल.

अलीकडे साधे बी वेगळे न देता बीटीच्याच पाकिटात मिसळून देतात. आता वाटा आपोआप जातो. अमल नियतीवर अवलंबून, असे मानणाऱ्यांना यात थोडी रुखरुख वाटेल, पण निदान पाकीट बांधावर पडत नाही.

फरदडीचे तसे नाही. डिसेंबरनंतर उभी ठेवलेली पऱ्हाटी पुढच्या हंगामापर्यंत अळीला सांभाळते आणि पावसाळ्यात ती चहूबाजूंच्या शेतांत पसरते. ती उपटायची की आणखी एक वेचणी घ्यायची, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. आणि त्या वेचणीतला कापूस म्हणजे एखाद्या घरात मुलीच्या फीचे पैसे असतात.