चाळीस शिलिंगांचं मत

क्लेअर हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा परगणा. १८०१ ते १८८५ या काळात तो ब्रिटिश संसदेचा मतदारसंघ होता, दोन खासदार पाठवणारा. त्याची १८२८ची पोटनिवडणूक प्रसिद्ध आहे. मला मात्र तिच्यानंतरचं वर्ष जास्त छळतं.

आयर्लंडमधल्या कॅथलिकांना १७९३ पासून मत देता येई, पण खासदाराची शपथच त्यांच्या धर्माविरुद्ध असल्यामुळे संसदेत बसता येत नसे. तरी डॅनियल ओ'कॉनेल उभे राहिले. त्यांची भिस्त छोट्या कुळांवर होती. हयातभराच्या पट्ट्याने घेतलेल्या जमिनीतून खंड वजा जाता वर्षाला ४० शिलिंगांचं मोल उरलं, की कुळाला मत मिळे. मतदान उघड होतं. मालकाविरुद्ध मत द्यायचं तर डोक्यावरचं छप्पर पणाला लावावं लागे. त्यांनी ते लावलं. ओ'कॉनेल यांना २,०५७ मतं पडली, प्रतिस्पर्ध्याला ९८२.

१८२९ मध्ये सरकार नमलं आणि कॅथलिकांना संसद खुली झाली. सोबत आणखी एक कायदा आला: आयर्लंडच्या परगण्यांत मताची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर, म्हणजे थेट पाचपट. दोन लाखांहून अधिक मतदारांचे चाळीस हजारही उरले नाहीत. ओ'कॉनेल यांनी विरोध केला, पण त्यासाठी रान पेटवलं नाही.

'मोठ्या भल्यासाठी तडजोड' हे समर्थन मी रोज ऐकतो. सॉफ्टवेअरमध्ये जुनी सोय बंद करायची ठरते, तेव्हा ती वापरणारा त्या बैठकीत नसतो. पण सोय आणि हक्क यांत फरक आहे. सोयीला पर्याय देता येतो. ज्याचं मत गेलं, त्याला ते परत मागण्याचं साधनही उरत नाही.

'तसंही ही कुळं मालक सांगेल तिथेच मत देत' असंही म्हटलं गेलं. पण क्लेअरमध्ये त्यांनी नेमकं उलट करून दाखवलं होतं. मत मालकाच्या खिशात होतं तोवर कोणाला खुपलं नाही. ते त्यांचं स्वतःचं झालं, आणि वर्षभरात गेलं.

मिळालेला हक्क खोटा नव्हता, हे मला मान्य आहे. तो नाकारावा असंही मी म्हणणार नाही. पण आपल्या वाट्याचं सोडणं हा त्याग. दुसऱ्याच्या वाट्याचं सोडणं हा फक्त व्यवहार. त्या व्यवहाराला त्याग म्हटलं, की ज्यांनी किंमत मोजली त्यांचं देणं हिशेबातूनच पुसलं जातं.