आडोसा कुठे उभारावा?



जोंधळ्याच्या कणसात दाणा भरला, की आपल्याकडे शेतात माळा उभा राहत असे आणि राखणदार गोफण घेऊन पाखरे हाकीत असे. इंग्लंडच्या शेतकऱ्यापुढेही हीच अडचण आहे. तिथले रानकबुतर आपल्या पारव्याहून मोठे, सुमारे अर्धा किलो वजनाचे असते. हिवाळ्यात त्यांचे मोठमोठे थवे रेपसीडच्या कोवळ्या पानांवर उतरतात. वसंतात ते नुकतेच पेरलेले वाटाणे टिपतात आणि जुलैत वाऱ्यापावसाने आडव्या पडलेल्या गव्हावर ताव मारतात. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते. म्हणून त्याच्या परवानगीने काही जण शेताच्या कडेला जाळीचा आडोसा उभारतात, समोर नकली कबुतरे मांडतात आणि खऱ्या कबुतरांची वाट पाहत बंदूक घेऊन बसतात.

घटकाभर असे समजू या, की ती बंदूक आपल्या हाती आहे. आडोसा कुठे उभारायचा?

जाणकार सांगतात, आधी बंदूक घरी ठेवा आणि दुर्बीण घेऊन जा. एक-दोन दिवस नुसते पाहा. कबुतरे वाटेल तशी उडत नाहीत. कुंपणाची झुडपे, झाडांची रांग, ओढा यांच्या आधाराने त्यांच्या ठरलेल्या वाटा असतात. ती वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून वारा आपल्या पाठीशी किंवा बाजूने असावा. नकली कबुतरे घोड्याच्या नालेच्या आकारात, २०-२५ मीटरवर मांडावीत आणि मधली जागा मोकळी सोडावी, म्हणजे पाखरू जवळ येईल आणि एका गोळीत मरेल. लांबून मारलेले पाखरू पुष्कळदा नुसते जखमी होते. उंच पिकात किंवा दाट झाडीत पडले तर सापडतही नाही आणि तिथेच तडफडत राहते. गोळीच्या दिशेला पायवाट, रस्ता, घर किंवा गुरे नसावीत, हे तर सांगायलाच नको.

इथवर हा कौशल्याचा आणि काळजीचा प्रश्न झाला. खरा पेच याच्या पुढे आहे.

समजा, त्या शेतकऱ्याची दोन शेते आहेत. एकात रेपसीडचे कोवळे पीक आहे. तिथे पंचवीस-तीस कबुतरे येतात, बिचकतात, उडून जातात आणि पुन्हा येतात. आडोशाला जागा धड नाही, वारा बोचरा आहे. दिवसभर बसलो तर चार-पाच पाखरे मिळतील. दुसऱ्या शेतात कापणी होऊन गेली आहे. सडांमध्ये सांडलेले दाणे टिपायला शेकडो कबुतरे येत आहेत, जवळच झाडी आहे, ऊन छान पडले आहे. तिथे एका दुपारी पोतेभर कबुतरे मिळतील. मात्र त्या शेतात वाचवण्यासारखे काहीच उरलेले नाही. ही दोन शेते एकाच दिवशी समोर येतीलच असे नाही, पण निवड मात्र तीच असते. आपण कुठे बसू?

इंग्लंडच्या कायद्याने या प्रश्नाला बगल दिलेली नाही. १९८१ च्या कायद्याने तिथल्या सर्व वन्य पक्ष्यांना संरक्षण आहे. रानकबुतर मारता येते ते सर्वसाधारण परवान्याखाली, पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी, आणि तेही हाकलून लावण्याचे इतर उपाय करून पाहिल्यावर. मौज हे कारण त्यात बसत नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये न्यायालयीन आव्हानानंतर जुने परवाने मागे घेऊन नवे काढावे लागले, तेव्हा हा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आला होता. पण परवाना कागदावर असतो. आडोशात बसलेल्या माणसाला विचारायला तिथे कोणी नसते. त्याची सदसद्विवेकबुद्धी तेवढी सोबत असते.

आपण म्हणू, "आज सडांवर मारलेले कबुतर उद्या पिकावर आलेच असते. कुठेही मारले तरी संख्या कमीच होते ना?" वरवर हे पटते. पण रोनाल्ड मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजशायरमध्ये अनेक वर्षे या पक्ष्याचा अभ्यास केला. हिवाळ्यात किती कबुतरे जगणार हे मुख्यतः तिथे मिळणाऱ्या अन्नावर ठरते, बंदुकीवर नाही, असे त्यांना दिसून आले. मारलेल्यांपैकी बरीचशी एरवीही उपासमारीने मेली असती. म्हणजे बंदुकीचा खरा उपयोग उरतो तो एवढाच, की त्या दिवशी त्या शेतातून थवा उठतो आणि ते पीक वाचते. मग कोणत्या शेतात बसलो यावरच सारे अवलंबून राहिले. जागा चुकली की कारणही गेले.

इथे एक अवघड गोष्टही मान्य केली पाहिजे. जुलै ते सप्टेंबर हा या कबुतरांच्या विणीचा भर. घरट्यात बहुधा दोन पिल्ले असतात आणि नर-मादी दोघेही त्यांना भरवतात. याच काळात गहू आडवा पडतो. त्या गव्हावर मारलेल्या कबुतरामागे कदाचित दोन उपाशी पिल्ले असतील. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाकडे पाहायचे की त्या घरट्याकडे? याला सोपे उत्तर नाही. शेतकऱ्याचा घास वाचवण्यासाठी हे ओझे आपण पत्करू शकतो. रिकाम्या सडांवर तेच ओझे कशासाठी पत्करायचे?

नेम साधल्याचा आनंद होणे हा काही दोष नाही. मारलेले कबुतर वाया न घालवता खाल्ले जाते, हेही बरेच. पण आनंदाने कामाच्या मागून यावे. तो पुढे चालू लागला, की गरजेचे नाव घेऊन आपण भलत्याच शेतात जाऊन बसतो आणि घरी येऊन "शेतकऱ्याला मदत केली" असे सांगतो. यात सर्वांत आधी फसवणूक होते ती आपलीच.

आपल्यापैकी फार थोड्यांवर अशा आडोशात बसण्याची वेळ येईल. पण गरजेपोटी कुणाला दुखवावे लागण्याचे प्रसंग आपल्यालाही येतात: कामावर कुणाला बोलावे लागते, घरात मुलाला शिक्षा करावी लागते. तेव्हा बोलण्याआधी क्षणभर थांबून पाहू या, की वाचवायचे पीक खरोखर याच शेतात आहे, की इथे पाखरे सहज सापडतात म्हणून आपण येऊन बसलो आहोत?