पतनिर्णय आणि हेतूचे उत्तरदायित्व

क्रेडिट कार्डाची पतमर्यादा वाढवण्यास नकार देणाऱ्या कंपनीशी ग्राहकाने वाद घालावा का, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा असला, तरी मुळात तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे एखादी गोष्ट कशाच्या आधारे खरी मानावी याचा आहे. किती उधार द्यावे हे ठरवण्याची मोकळीक धनकोला असतेच. परंतु ऋणकोची भावी परतफेड प्रत्यक्ष दिसत नसल्याने ग्राहकाची पत दाखवणाऱ्या, ३०० ते ९०० या पट्ट्यातील सिबिल गुणांकासह कंपनीचा सारा निर्णय हे अनुमानच असते. न्याय या भारतीय तर्कप्रधान दर्शनाने परार्थानुमानाचे, म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेल्या अनुमानाचे, प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव मानले आहेत. केवळ ‘अंतर्गत धोरणानुसार विनंती अमान्य’ असे कळवणाऱ्या पत्रात निगमन, म्हणजे निष्कर्ष, असतो; हेतू, म्हणजे त्याचे कारण, नसतो.

हेतू उघड झाला तरच त्यातील दोष तपासता येतो. फेडलेले कर्ज पतअहवालात थकीत दिसत असेल, तर तो हेतू ‘असिद्ध’, म्हणजे मुळात नसलेल्या गोष्टीवर उभा असलेला ठरतो; आणि मर्यादेचा मोठा वापर हेच अविश्वासाचे कारण मानले, तर दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्यांतही ते आढळत असल्याने तो हेतू ‘सव्यभिचार’, म्हणजे साध्य (जे सिद्ध करायचे ते) नसतानाही आढळणारा ठरतो. भारतात पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याने चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याची वाट दिली आहे.

म्हणून वाढीव मर्यादा हा ग्राहकाचा हक्क नसला, तरी नकाराचे कारण कळणे हा त्याचा नैतिक हक्क आहे, आणि तो त्याने लेखी मागणी करून बजावलाच पाहिजे.