परतीचा रकाना

यूट्यूबवर 'फुल टाइम आरव्ही बजेट' असं शोधलं की एकाच साच्यातले व्हिडिओ येतात. मागे वाळवंट, पुढे घडीची खुर्ची, हातात कॉफीचा मग आणि स्क्रीनवर एक्सेल शीट. राहतं घर विकून किंवा भाड्याची खोली सोडून चाकांवरच्या घरात कायमचे राहायला गेलेले अमेरिकन लोक आपला महिन्याचा खर्च सेंटासकट सांगतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण विंचू स्वतःच बिऱ्हाडाचा जमाखर्च मांडून दाखवतोय, हे पाहताना मी एका रात्री पाच-सहा व्हिडिओ सलग संपवले.

शीटच्या पहिल्या ओळीत बहुतेकदा लिहिलेलं असतं : 'भाडं : 0'. हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर हसू येतंच. मला प्रश्न पडला तो या शून्याबद्दल.

शून्याच्या खालचे आकडे बरेच बोलके असतात. बसएवढी मोठी मोटरहोम लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर जाते. म्हणजे मनसोक्त हिंडायचं ठरवलं तर वाचलेलं भाडं टाकीत जातं. पैसे वाचवायचे तर एकाच कॅम्पग्राउंडवर महिनाभर मुक्काम ठोकायचा, कारण महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा खूप स्वस्त पडतो. फिरण्यासाठी घर सोडलं आणि परवडावं म्हणून एका जागी बसलो, ही गंमत जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये सापडते. मग प्रोपेन, फोनचा डेटा, गाडीतच राहणाऱ्यांसाठीचा वेगळा विमा. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर उन्हातान्हात जुनं होतं, त्यामुळे सहा-सात वर्षांनी संच बदलावा लागतो. शिवाय घराची किंमत वर्षागणिक बहुधा वाढते, गाडीची उतरते. ही उतरण कुठल्याच महिन्यात खिशातून जात नाही, म्हणून ती शीटमध्ये क्वचितच दिसते.

आता तो शून्य. अमेरिकेच्या पश्चिमेकडे केंद्र सरकारची अफाट जमीन आहे. तिची व्यवस्था पाहणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या बऱ्याच जमिनीवर साधारण 14 दिवस फुकट राहता येतं. मग गाडी हलवायची. ॲरिझोनातल्या क्वार्टसाइट गावाजवळ तर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा सात महिन्यांचा परवाना मिळतो. बरीच वर्षं त्याची फी 180 डॉलर होती, म्हणजे दिवसाला एक डॉलरही नाही. एरवी काही हजार वस्तीचं हे गाव हिवाळ्यात गाड्यांनी भरून जातं.

तेव्हा शून्याचा अर्थ एवढाच की जागेची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत लिहिलेली आहे. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. सार्वजनिक जमीन लोकांनी वापरावी यासाठीच असते. पण 'मी कुणावर अवलंबून नाही' हे वाक्य त्याच व्हिडिओत आलं की कान टवकारतात.

ही वही जुनी आहे. हेन्री डेव्हिड थोरोनं 1845 मध्ये वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी झोपडी बांधली आणि पुढे 1854 च्या 'वॉल्डन'मध्ये खर्चाची यादीच छापली. फळ्या, खिळे, चुना असं सगळं धरून 28 डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डमधल्या विद्यार्थ्याच्या खोलीला त्या काळी वर्षाला 30 डॉलर भाडं पडायचं, हेही त्यानं टोमणा मारल्यासारखं नोंदवलं. यादीत जमिनीची ओळ नाही. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. आणि काँकॉर्ड गाव चालत अर्ध्या तासावर होतं. दोन वर्षं आणि दोन महिन्यांनी तो परत गेला.

परत जाता आलं, हे मला 28 डॉलरांहून मोठं वाटतं. क्वार्टसाइटच्या वाळूत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या डोळ्यांपुढे आणा. दोघांचा महिन्याचा खर्च सारखा, परवाना सारखा, रात्रीचं आकाश तर एकच. एकाचे पैसे गुंतवलेले आहेत आणि कंटाळा आला तर तो वसंतात भाड्यानं घर घेईल. दुसरीचं घर 2008 च्या मंदीत गेलं, पेन्शन तुटपुंजी आहे आणि इंजिन बसलं तर तिचं घरच बसलं. जेसिका ब्रूडरच्या 2017 च्या 'नोमॅडलँड'मध्ये अशी वयस्कर माणसं भेटतात : उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडची संडासं साफ करणारी, हेमंतात शुगर बीटच्या काढणीला जाणारी, नाताळच्या आधी गोदामात राबणारी. दोन्ही शीट जुळवून पाहा, कोण मोकळं आणि कोण अडकलेलं हे कळणार नाही. त्यासाठी लागणारा रकाना त्यात नसतोच : परत फिरायला किती लागतील आणि ते आहेत का?

समाजही हा फरक गाडी पाहून करत नाही, ती कुठे उभी आहे ते पाहून करतो. लॉस एंजलिसमध्ये बेघरांची मोजणी होते तेव्हा रस्त्याकडेला मुक्कामाला असलेल्या आरव्ही मोजल्या जातात. तीच गाडी वाळवंटात नेली की ती जीवनशैली होते.

पण इथे मला स्वतःलाच अडवावं लागतं. या जगात सगळ्यांना ठाऊक असलेला बॉब वेल्स 1995 मध्ये घटस्फोटानंतर गाडीत राहायला गेला, कारण भाडं परवडत नव्हतं. सुरुवातीच्या रात्री रडून काढल्याचं त्यानं सांगितलं आहे. पुढे त्याला हेच आयुष्य आपलं वाटू लागलं, इतकं की तो इतरांना ते शिकवू लागला. नाइलाजानं सुरू झालेलं जगणं नंतर निवड होऊ शकतं का? की मन स्वतःची समजूत घालतं? बाहेरून हे ठरवणारा मी कोण, असं वाटतं. शिवाय तीस वर्षांचं गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला परतीचा रकाना विचारला, तर तोही जरा वेळ गप्प बसेल.

टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टन नावाचं लहान गाव आहे. तिथे आरव्हीवाल्यांची एस्केपीज ही जुनी संघटना आहे आणि ती सभासदांची टपाल पुढे पाठवते. त्यामुळे देशभर फिरणाऱ्या हजारो लोकांच्या लायसन्सवर याच गावाचा पत्ता असतो. त्यातले बरेचसे तिथे राहत नाहीत. त्याच आवारात या मंडळींसाठी एक देखभाल केंद्र आहे. वयामुळे किंवा आजारपणामुळे गाडी चालवणं थांबलं की माणसं तिथे येतात, आपल्याच गाडीत राहतात, जेवण आणि देखभाल केंद्राकडून मिळते. कार्डावर वर्षानुवर्षं नुसता टपालापुरता असलेला पत्ता मग खरा होतो. गाड्या ओळीनं उभ्या असतात, वीज-पाण्याची जोडणी केलेली, चाकांसकट.