नकाशा एक, आकडे अनेक

शहरातले रुग्ण विखुरलेले आहेत की एकमेकांना लागून असलेल्या भागांत गोळा झाले आहेत, हे मोजण्यासाठी जे निर्देशांक वापरतात त्यांत ‘मोरान आय’ सर्वांत प्रचलित आहे. तीच माहिती आणि तोच नकाशा जिओडा, आर्कजीआयएस आणि आर भाषेतले एसपीडेप या संगणकीय पॅकेजेसना दिला, तरी उत्तर तंतोतंत सारखे येईलच असे नाही. कधी फरक तिसऱ्या दशांशस्थळी असतो, तर कधी एका नकाशावर लाल झालेला प्रभाग दुसऱ्यावर कोराच राहतो. यात प्रोग्रामची चूक शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. मूळ कल्पनाच टप्प्याटप्प्याने घडली, प्रत्येक टप्प्यावर काही निर्णय मोकळे राहिले आणि ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापल्या परीने घेतले.

लगतच्या गोष्टी सारख्या असतात, ही आधी संख्याशास्त्रज्ञांना नुसती अडचण वाटे. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेटने 1914 साली काळ किंवा स्थळ यांमुळे दिसणारा खोटा सहसंबंध काढून कसा टाकावा, यावर टिपण लिहिले. शेतीच्या प्रयोगांतही हेच दुखणे होते. जमिनीचा कस हळूहळू बदलतो, म्हणून शेजारच्या वाफ्यांचे उत्पन्न मिळतेजुळते येते. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या 1954 सालच्या, कृषी संशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून भारतातल्या कितीतरी पिढ्या वाफ्यांचे गट पाडायला आणि खते-वाणांची वाटणी यदृच्छ करायला शिकल्या. शेजाराचा परिणाम निकालात डोकावू नये, हाच त्यामागचा हेतू.

त्याच शेजाराचे मोजमाप करायचे, हा विचार 1940 नंतर जोर धरू लागला. मोरान यांनी 1948 साली आणि भारतातल्या पी. व्ही. कृष्ण अय्यर यांनी 1949 साली काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या जाळीवर एकाच रंगाच्या किती चौकटी एकमेकींना लागून येतात, याचे गणित मांडले. इथेच पहिला फाटा फुटला. प्रत्येक चौकटीचा रंग स्वतंत्रपणे नाणे उडवून ठरला असे मानायचे, की काळ्या चौकटींची एकूण संख्या कायम ठेवून फक्त त्यांच्या जागा बदलायच्या? दोन्ही ‘योगायोग’च, पण त्यातून येणारी चढउताराची मर्यादा वेगळी. मोरान यांचा आजचा निर्देशांक 1950 सालचा आणि गिअरी यांचा 1954 सालचा. पुढे त्यांच्या कसोट्यांनाही हे दुहेरीपण चिकटले.

क्लिफ आणि ऑर्ड यांनी 1973 च्या ग्रंथात शेजाराला हव्या त्या भारांची मुभा दिली. कल्पनेची ही सर्वांत मोठी झेप, आणि माझ्या मते बहुतेक मतभेदांचे उगमस्थानही हेच. पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण टोकाला असलेली दापोडी पाहिली की ते कळते. पवना इथे मुळेला मिळते. पवनेपलीकडे सांगवी, मुळेपलीकडे बोपोडी, उत्तरेला फुगेवाडी. सांगवी दापोडीची शेजारीण आहे का? नकाशाकाराने सीमा नदीच्या मधोमध आखली असेल तर आहे. दोन्ही काठांवर वेगवेगळी आखली असेल तर मधे पाण्याची पट्टी राहते आणि पॅकेजच्या लेखी दोघींचा संबंध तुटतो; किती फट चालवून घ्यायची, याची सूट प्रत्येक पॅकेजमध्ये सारखी नसते. फक्त कोपरा टेकला तर बुद्धिबळातल्या वजिराच्या नियमाने शेजार धरतात, हत्तीच्या नियमाने धरत नाहीत. मध्यबिंदूंमधल्या अंतरावर शेजार ठरवला, तर लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विस्तीर्ण आवार दापोडीत धरले की वगळले, यावरही बिंदू सरकतो. एकही शेजारी नसलेला भाग निघाला तर एखादे पॅकेज थांबून विचारते, दुसरे नुसती सूचना देऊन पुढे जाते. त्या भागाला एकूण संख्येत मोजावे की नाही, यानेही उत्तर हलते.

अँसेलिन यांनी 1995 साली निर्देशांकाचे तुकडे करून प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा आकडा दिला. त्यात प्रचरणाने, म्हणजे आकड्यांच्या पसरणीच्या मापाने, भागावे लागते. ते माप काढताना एकूण संख्येने भागायचे की त्यातून एक वजा करून? एसपीडेप मुळात पहिला मार्ग धरते आणि दुसऱ्याची सोय ठेवते. जिओडा दुसरा धरते. आर्कजीआयएस ज्या भागाचा आकडा काढायचा तो भागच बेरजेतून वगळते. 2017 च्या महापालिका निवडणुकीत पिंपरी-चिंचवडचे 32 प्रभाग होते. तेवढ्या भागांत पहिल्या मार्गाने 0.50 आलेला आकडा दुसऱ्याने 0.484 होतो. फरक किरकोळ आहे. पण दोन अहवाल शेजारी ठेवणाऱ्याला तो खटकतोच.

नकाशाचा रंग मात्र याने सहसा बदलत नाही. तो बदलतो ‘हे योगायोगाने घडले असते का’ या प्रश्नामुळे. सूत्राने उत्तर काढता येते किंवा आकडे 999 वेळा पिसून. पिसण्याच्या पद्धतीत 999 फेऱ्यांत 0.001 पेक्षा लहान पी-मूल्य, म्हणजे केवळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता, मिळूच शकत नाही, 99 फेऱ्यांत 0.01 पेक्षा. पिसण्याचा आरंभबिंदू बदलला की उंबरठ्यावरचा प्रभाग आत-बाहेर होतो. त्यात जिओडा एकाच बाजूचे शेपूट मोजते, तर आर्कजीआयएसचा निर्णय दोन्ही बाजूंचा. शिवाय पाच टक्क्यांची कसोटी 32 वेळा लावली, तर काहीही नसताना सरासरी एक-दोन प्रभाग रंगतात. त्याची दुरुस्ती करायची की नाही, हेही बहुतेकदा एका खुणेवर अवलंबून असते. बिव्हंड आणि वाँग यांनी 2018 साली अशा अंमलबजावण्यांची तुलना प्रसिद्ध केली. ‘मोरान आय इतका आला’ असे म्हणून थांबणारा अहवाल म्हणूनच अर्धवट मानावा. शेजाराची यादी, भारांची पद्धत, फेऱ्यांची संख्या आणि कसोटीची बाजू त्यात असायलाच हवी.

एक गोष्ट मात्र कोणत्याच पॅकेजच्या हातात नाही. केवळ पिंपरी-चिंचवड महापालिकेची फाइल घेतली, तर दापोडीचा दक्षिणेकडचा शेजार त्यात नसतोच, कारण बोपोडी पुणे महापालिकेत आहे. प्रत्येक भागाच्या शेजाऱ्यांच्या भारांची बेरीज एक केली असेल, तर उरलेल्या मोजक्या शेजाऱ्यांचे वजन आणखी वाढते. दापोडीबद्दल काही ठामपणे सांगायचे असेल, तर पुणे महापालिका आणि खडकी कटक मंडळ यांची आकडेवारी आधी मागवावी. पॅकेजची निवड त्यानंतर करावी.